सत्तेचाळीस नंबरची रिकामी जागा

ऑडलिंगबाईंना कुठलाही शब्द सांगा, त्या आधी त्याची शेपटी बघणार. मी उल्फरबी या इंग्रजी खेड्याचं पोस्ट ऑफिस आणि त्यातलं दुकान चालवायला घेतलं त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी काउंटरवर येऊन माझं आडनाव विचारलं. मी म्हटलं, टिपणीस. "शेवटी 'नीस'? आणखी कोणाच्या शेवटी आहे?" मी सांगितलं, चिटणीस आहेत, फडणीस आहेत, पोतनीस आहेत. बाईंनी पर्समधून वही काढली, चौघांना एकाखाली एक बसवलं आणि प्रत्येकाचा अर्थ खोदून खोदून विचारला. कोण टिपणं लिहायचा, कोण पत्रं लिहायचा, कोण खजिन्याचा हिशोब लिहायचा. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे सगळे कारकूनच की!" आणि माझ्या सात पिढ्यांचा निकाल लावून, सहा तिकिटं घेऊन चालत्या झाल्या.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची. बाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या आणि कालव्यांचं पाणी बघणाऱ्या एका सरकारी कचेरीत लघुलेखिका होत्या. साहेब बोलणार, या टिपणार. लघुलिपीत म्हणे शब्दाचं धड कसंही लिहा, शेवटाला ठरलेली खूण असते. 'शन'ला एक वळलेली आकडी, 'इंग'ला एक ठिपका. अडतीस वर्षं हेच केल्यावर माणसाचं काय होणार? बाईंना जग शेपट्यांनीच दिसायचं. आमच्या भागातल्या झाडून सगळ्या गावांच्या शेवटी 'बी' आहे, त्याबद्दल त्या हजार वर्षांपूर्वीच्या समुद्री लुटारूंचे आभार मानत. "मेले आले, लुटलं, जाळलं, पण नावं नीट ओळीत लावून गेले."

निवृत्त झाल्यावर चौऱ्याण्णव साली त्यांनी कागद काढायला सुरुवात केली. कागद म्हणजे कोडं. शंभर सूचक वाक्यं, शंभर रिकाम्या जागा, आणि सगळ्या उत्तरांचा शेवट एकच. गावच्या हॉलचं छप्पर गळतं, त्याच्या मदतीला म्हणून हा कागद सप्टेंबरात माझ्या काउंटरवर विकायला यायचा. नोव्हेंबरअखेर लोकांनी भरून माझ्याकडच्या लाल पेटीत टाकायचा. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी दुपारी हॉलमध्ये उत्तरं वाचली जायची. बक्षीस एक प्लम ब्रेड, म्हणजे मनुके घातलेला गोड पाव. छप्पर अजून गळतं.

पहिल्या वर्षी 'मंगर' होतं. फिशमंगर मासे विकणार, आयर्नमंगर खिळे विकणार, वॉरमंगर लढाया विकणार. आपल्याकडे भांडखोर, लाचखोर, युद्धखोर असतात तशातलंच. पण शंभर मंगर भरेनात, म्हणून बाईंनी पुढच्या वर्षापासून मोठी कुळं धरली. 'साइड'चं वर्ष आलं, सुइसाइडमधलं. राजाला मारणं, भावाला मारणं, ढेकणाला मारणं, सगळ्यांना एकच शेपूट. तेव्हाचे पाद्री म्हणाले की नाताळच्या तोंडावर एवढी हत्याकांडं बरी दिसत नाहीत. 'फोबिया'च्या वर्षी तर निम्म्या गावाला नवनवीन भित्या जडल्या. सोळा नंबर सोडवल्यापासून हॉलच्या कमिटीच्या थर्झाबाई ब्लँचर्ड आजतागायत पुलावरून चालत नाहीत, वळसा घालून जातात.

पण मला सांगायचंय ते पंचविसाव्या कागदाबद्दल.

चोविसाव्या कागदात बाईंची चूक झाली. शेवट होता 'शिप'. बारा नंबरचं उत्तर फ्रेंडशिप आणि अठ्ठ्याऐंशीचंही फ्रेंडशिप. आता दुसऱ्या कुठल्या मुलखात कोणीतरी बाईंना म्हटलं असतं की अहो, एकच शब्द दोनदा आलाय. आमच्याकडे तसलं काही करत नाहीत. दीडशे माणसांनी दोन्ही जागी मुकाट्याने फ्रेंडशिप लिहिलं आणि मग तीन महिने एकमेकांना हळू आवाजात विचारलं, "ऑडलिंगबाई बऱ्या आहेत ना?" बाई समोर आल्या की सगळे हवेबद्दल बोलायचे.

बोलला तो एकटा रुपर्ट हॅलम. हा लंडनहून निवृत्त होऊन आलेला, गावात जेमतेम दोन वर्षं झालेली. त्याने भर हॉलमध्ये हात वर करून सांगितलं की बारा आणि अठ्ठ्याऐंशी एकच आहेत, आणि त्याच्याकडच्या संगणकाला शेवट सांगितला तर तो अडीच सेकंदांत शब्दांची यादी देतो. हॉलमध्ये अशी शांतता पसरली की जणू त्याने पॅंट काढली होती. खरं बोलला होता हो तो. पण असं चारचौघांत?

पुढच्या महिन्यात कमिटीने बाईंना चहाला बोलावलं. इथे तुम्हाला कोणी कारण न सांगता चहाला बोलावलं आणि केक घरचा असला तर समजावं की आपलं काहीतरी काढून घेणार आहेत. बाई मला सोबत घेऊन गेल्या. थर्झाबाईंनी तीनदा केकबद्दल विचारलं आणि मग म्हणाल्या, "विनिफ्रेड, तुम्ही किती वर्षं हे ओझं वाहताय! पंचविसावा कागद तुमचाच, प्रश्नच नाही. पण त्यात चुकून एखादी चूक निघाली, तर पुढच्या वर्षीपासून रुपर्टला करू देऊ. हॉलसमोर तुमच्या नावाचं बाकडं ठेवायचं मनात आहे आमच्या."

"मेलेल्या माणसाच्या नावाचं ठेवतात बाकडं," बाई म्हणाल्या आणि दुसरा तुकडा उचलला.

परतताना मात्र माझ्या दारापाशी थांबल्या. "सुलभा, सप्टेंबर ते डिसेंबर लोक मला रस्त्यात अडवतात. बेचाळिसावं सांगा, एक अक्षर तरी सांगा, म्हणून पाया पडतात. इतर आठ महिने माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात. कागद गेला की मी नुसते गुडघे उरणार गं." मी म्हटलं, या वेळी शब्द न् शब्द मी तपासते. त्या म्हणाल्या, तीनदा तपास.

आता सिरिलबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

सिरिल ऑडलिंग, बाईंचा नवरा, बियाण्यांचा फिरता विक्रेता. सोमवार ते गुरुवार किनाऱ्याकडच्या गावांत आणि शुक्रवार ते रविवार घरी. गोडबोल्या, गालावर खळी, शिट्टी वाजवत यायचा. त्याला मेबलथॉर्पमध्ये दुसरी बायको होती. ठेवलेली वगैरे नव्हे, रीतसर सही करून केलेली, डोरीन नावाची. गावाला हे कळलं कारण आमचे ऑर्गन वाजवणारे टॉयनसाहेब आपल्या बहिणीकडे मेबलथॉर्पला गेले होते आणि शेजारच्या अंगणात सिरिल सपाता घालून गवत कापताना दिसला. दुसऱ्याच्या घरचं गवत कोणी सपाता घालून कापत नाही.

मला तर त्याच्याही आधीपासून माहीत होतं. आमच्या पहिल्याच नाताळात सिरिल माझ्या दुकानात आला आणि त्याने 'माझ्या लाडक्या पत्नीस' असं लिहिलेली दोन कार्डं घेतली. दोन्ही काउंटरवर ठेवली आणि मला म्हणाला, "एक खराब झालं तर असावं." दर नाताळात एक खराब व्हायचं. बारा वर्षं.

गावाचा ठाम समज असा की बाईंना यातलं काही माहीत नाही. आणि त्यांना कळू द्यायचं नाही, यावर अख्ख्या गावाचं एकमत. एरवी इथे कचऱ्याच्या डब्यांच्या रंगावर एकमत होत नाही. नव्याण्णव साली सिरिल गेला तेव्हा डोरीन अंत्यविधीला आली होती. थर्झाबाईंनी तिला बसस्टॉपवरच गाठलं, आपल्या घरी नेलं आणि दोन तास चहावर चहा पाजत बसवून ठेवलं. बिचारी शेवटी बाथरूम विचारत होती आणि तिकडे सिरिल जमिनीत गेला. त्यानंतर एकोणीस वर्षं बाई दर रविवारी त्याच्या थडग्यावर ताजी फुलं ठेवायच्या आणि आम्ही सगळे "काय सुंदर फुलं!" म्हणायचो.

तर जुलैत बाईंनी पंचविसाव्या कागदाची वही माझ्या हातात दिली. शेवट होता 'इस्ट'. डेंटिस्ट, फ्लॉरिस्ट हे साधे. पेसिमिस्ट, म्हणजे ज्याला सगळं वाईटच होणार असं वाटतं. आर्सनिस्ट, म्हणजे आगलाव्या. न्यूडिस्ट, तो समजून घ्या. व्हेंट्रिलॉक्विस्ट, म्हणजे ओठ न हलवता बाहुलीच्या तोंडून बोलणारा. मी शब्दकोश घेऊन एकेकाला टिक करत चालले होते. सत्तेचाळिसाला माझं पेन अडलं. 'चर्चमध्ये एकदा जास्तच हो म्हणणारा. इंग्रजी आठ अक्षरं.'

लग्न लागताना चर्चमध्ये 'हो' म्हणायचं असतं; म्हणजे एक बायको जिवंत असताना दुसरीशी लग्न लावणारा. बिगॅमिस्ट.

मी वर बघितलं. बाई मटार सोलत होत्या. चेहऱ्यावर काही नाही. मी विचार केला, यांना माहीत नाही, शब्दकोशात आला म्हणून घेतला. सांगावं का? पण काय सांगणार? हा शब्द गाळा, कारण तुमचा नवरा? मी टिक केली. "सगळं बरोबर आहे," म्हटलं. "तीनदा बघितलंस?" "तीनदा." खरं तर सत्तेचाळीस मी सातदा बघितलं होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी कागद काउंटरवर आला आणि बुधवारपासून गावात हाहाकार उडाला. आमच्याकडचा हाहाकार बाहेरून दिसत नाही. लोक दुकानात येतात, एक ब्रेड घेतात, पैसे देतात आणि जात नाहीत.

"छान झालाय नाही या वेळचा कागद," थर्झाबाई म्हणाल्या.

"छानच आहे."

"सत्तेचाळीस जरा... अवघड आहे."

"असेल."

"तिला माहीत असेल का गं?" त्यांनी आवाज इतका खाली आणला की मला ओठ वाचावे लागले. "नसेलच. असतं तर घातला असता का? आणि नसेल माहीत, तर आम्ही लिहिल्यावर तिच्या मनात पाल चुकचुकली तर? दीडशे कागदांवर तोच शब्द!"

"मग काय करणार?"

"मला नाही सुटलं ते," थर्झाबाई ताठ उभ्या राहून म्हणाल्या. "अजिबात सुटलं नाही."

आठवडाभरात कोणालाच सुटेनासं झालं. लोकांनी आपल्या अब्रूची पर्वा न करता अडाणीपण पत्करलं, हे मानायला हवं. पण काहींना कोरी जागा बघवेना. चर्च आणि आठ अक्षरं, एवढ्यावर त्यांनी ऑर्गनिस्ट लिहून टाकलं. त्याची कुणकुण टॉयनसाहेबांना लागली आणि ते पत्नीला घेऊनच माझ्या काउंटरवर आले. "मी कुठे जास्त वेळा हो म्हटलंय? एकदाच म्हटलं, तेही हिच्या आईच्या धाकाने!"

"धाकाने?" पत्नी म्हणाली. ते दोघं महिनाभर चर्चमध्ये एका बाकावर बसले नाहीत.

डिसेंबर उजाडायच्या आत, एका गुरुवारी दुपारी मी लाल पेटी उचलून बाईंच्या स्वयंपाकघरात नेली. उत्तरं तपासायची आमची ती नेहमीची पद्धत. एकशे त्रेसष्ट कागद. बाई लाल पेन घेऊन बसल्या, मी गुणांची बेरीज करणार. पहिले दहा कागद झाले. बाईंचा हात सत्तेचाळिसावर येऊन अडायचा, मग पुढे जायचा. वीस झाले. तीस झाले.

"सुलभा, हे बघ. सेहेचाळीस बरोबर. अठ्ठेचाळीस बरोबर. मधलं कोरं."

"अवघड होतं ते."

"या बाईला व्हेंट्रिलॉक्विस्ट आला. एक अक्षर न चुकता आला. मलासुद्धा बघून लिहावा लागतो. आणि हिला आठ अक्षरांचा येत नाही?" त्यांनी पुढचा कागद उचलला, खिडकीच्या उजेडासमोर धरला. "यात लिहिलं होतं. मग खोडलंय. खोडरबर घासून घासून कागद फाटायला आलाय." पुढचा. "इथे ऑर्गनिस्ट. शिकलेला माणूस आहे हा, मुलांना शिकवत होता." पुढचा. "आणि थर्झाने काय लिहिलंय बघ. 'दिलगीर आहे, वेळ पुरला नाही.' वेळ! तीन महिने होते तिला. बाकीच्या नव्व्याण्णवला पुरला."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"म्हणजे माहीत आहे यांना," बाई म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"नाटकं करू नकोस गं. चांगली येत नाहीत तुला."

मग त्यांनी सांगितलं. सिरिलला पुरून आल्यावर संध्याकाळी त्यांनी त्याची नमुन्यांची पेटी उघडली होती. मुळ्याच्या आणि सलगमाच्या पाकिटांच्या मध्ये लग्नाचा एक दाखला होता. एकाहत्तर साल, मेबलथॉर्प, डोरीन अमुकतमुक. त्यांनी तो चुलीत घातला आणि ठरवलं की हे गावात कोणालाही कळू द्यायचं नाही.

"एकोणीस वर्षं," बाई म्हणाल्या, आणि आवाज चढला. "एकोणीस वर्षं मी त्या नालायकाच्या थडग्यावर फुलं घेऊन जातेय. पावसात, बर्फात. कशासाठी? तुम्हाला संशय येऊ नये म्हणून! गुडघे गेले माझे त्या चढावर!"

"आणि आम्ही म्हणायचो, काय सुंदर फुलं," मी म्हटलं. "तुम्हाला संशय येऊ नये म्हणून."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला आधी वाटलं त्या रडणार. पण त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता खोकला लागला, आणि मी पाणी दिलं. अख्खं गाव एका बाजूला आणि ही एक बाई दुसऱ्या बाजूला, मध्ये सिरिल पालथा पडलेला, आणि दोन्हीकडून त्याच्यावर चादर ओढणं चाललेलं.

"मग घातलात कशाला हा शब्द?" मी विचारलं.

"इस्टांच्या यादीत आला. गाळला असता तर लबाडी झाली असती. शिवाय..." त्यांनी पेन बाजूला सारलं. "शिवाय मला तो कोणाच्या तरी हातून लिहिलेला बघायचा होता. माझ्या एकटीच्या डोक्यात किती वर्षं ठेवायचा?" मग एकदम म्हणाल्या, "तुला कधीपासून माहीत आहे?"

आता हीच वेळ होती. तोंडाशी आलं होतं सगळं. आणि मी म्हटलं, "असंच. गावात कानावर आलं."

शेवटून तिसरा कागद रुपर्ट हॅलमचा होता. गावात नवीन, त्याला बिचाऱ्याला कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. सत्तेचाळिसापुढे मोठ्या, ठळक अक्षरांत लिहिलं होतं, बिगॅमिस्ट. बाईंनी त्या शब्दावर बोट फिरवलं. टिक केली. शंभरपैकी शंभर.

शुक्रवारी सकाळी थर्झाबाई माझ्याकडे आल्या, घरचा केक घेऊन. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. "कमिटीने ठरवलंय," त्या म्हणाल्या. "उद्या सत्तेचाळीस आला की मी सांगेन, छपाईची चूक झाली आहे, तो प्रश्न बाद. कोणाला काही बोलावं लागणार नाही. विनिफ्रेडची लाजही राखली जाईल."

"पण चूक निघाली तर कागद रुपर्टकडे जाणार, असं ठरलं होतं ना?"

थर्झाबाईंनी केकवरचा कागद सारखा केला. "चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत त्या. आणि बाकडं छान आहे गं. सागवानी."

मी त्यांना सांगू शकत होते की बाईंना सगळं माहीत आहे. बाईंना फोन करून सांगू शकत होते की उद्या तुमचा कागद काढून घेणार आहेत. मी केक घेतला आणि "बरं" म्हटलं. इथे राहून राहून मलाही ती सवय लागली होती. त्या केकचा घास मला गेला नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

शनिवारी तीन वाजता हॉल भरला. छपराखाली दोन बादल्या लावलेल्या. बाई पहिल्या रांगेत, बदामी कोट, मांडीवर पर्स. थर्झाबाई उभ्या राहून उत्तरं वाचू लागल्या. प्रत्येक उत्तरावर कोणीतरी "हां!" म्हणायचं आणि कोणीतरी शेजाऱ्याला कोपर मारायचं. चाळीसनंतर हां बंद झाले. पंचेचाळीस. सेहेचाळीस.

"सत्तेचाळीस," थर्झाबाई म्हणाल्या. "यात दुर्दैवाने छपाईची चूक झालेली आहे. तेव्हा हा प्रश्न बाद धरावा असं..."

सगळ्या हॉलने एकदम श्वास सोडला. मी बाईंकडे बघितलं. त्यांची मान हलली नाही, पण पर्सवरचा हात घट्ट झाला. त्यांना काय होतंय ते क्षणात कळलं होतं. गप्प बसल्या तर लाज राहणार आणि कागद जाणार.

तेवढ्यात मागून हात वर आला. "माफ करा," रुपर्ट म्हणाला. "चूक कुठे आहे? मी दोनदा बघितलं. वाक्य बरोबर आहे, अक्षरं आठ आहेत."

"रुपर्ट, खाली बसा."

"प्रश्न बाद झाला तर पुढच्या वर्षीचा कागद मला मिळतो, ते मला माहीत आहे," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "पण चूक नाही तर नाही. उत्तर आहे बि..."

"बसा हो!" टॉयनसाहेब ओरडले. तीस वर्षांत मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं.

मग बाई उठल्या. गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश, आणि उठून झाल्यावर लोकांकडे वळल्या.

"रुपर्ट बरोबर बोलतोय. कागदात चूक नाही, सुलभाने तीनदा तपासलाय. उत्तर बिगॅमिस्ट. माझा सिरिल होता. मला माहीत आहे, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. आता हॉलमधल्या खुर्च्या तेवढ्या राहिल्या होत्या, त्यांनाही कळलं. थर्झा, अठ्ठेचाळीस वाच."

बादलीत थेंब पडला. थर्झाबाई कागदावर अठ्ठेचाळीस शोधतच राहिल्या. शेवटी बाईच म्हणाल्या, "व्हेंट्रिलॉक्विस्ट," आणि खाली बसल्या. कोणीतरी मागच्या बाजूला आशेने विचारलं, "चहा ठेवायचा का?" ठेवला. एकशे त्रेसष्ट माणसांच्या गावकीला दुसरं काही सुचलंच नसतं.

चूक शून्य, म्हणून कागद बाईंकडेच राहिला. प्लम ब्रेड रुपर्टने जिंकला. तो हातात घेऊन बाईंकडे आला आणि पडेल चेहऱ्याने म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं हो."

"माहीत नव्हतं म्हणून तर लिहिलंस," बाई म्हणाल्या. "बावळट आहेस, पण लिहिलंस. पुढच्या वर्षी तपासायला तू येत जा. संगणक घरी ठेव. सुलभाला भीड पडते."

मी दोन हातांवर होते, मला ते स्वच्छ ऐकू आलं, आणि ऐकू यावं म्हणूनच म्हटलेलं होतं.

लोक गेल्यावर हॉलच्या स्वयंपाकघरात बाई कप विसळत होत्या आणि मी पुसत होते.

"सिरिल नाताळची कार्डं तुझ्याकडूनच घ्यायचा," बाई म्हणाल्या. "गावात दुसरीकडे कुठे मिळतच नव्हती तेव्हा."

"हो."

"दोन."

"हो. दोन."

"सारखीच?"

मी हातातला कप खाली ठेवला. सारखीच म्हणणं किती सोपं होतं. जिभेवर होतंच.

"नाही," मी म्हटलं. "एक छोटं असायचं, रॉबिन पक्ष्याचं. आणि एक मोठं. त्याला रिबीन लावलेली असायची."

"रॉबिनची बारा आहेत माझ्या कपाटात," बाई म्हणाल्या. पाण्यातला हात तसाच राहिला. "रिबीन कसल्या रंगाची?"

"लाल. मखमली."

"लाल." त्यांनी आपल्या बदामी कोटाच्या बाहीकडे बघितलं. "लाल रंग भडक दिसतो, आपल्यासारख्या माणसांना शोभत नाही, म्हणायचा मला."

मला रडू आलं. शरमेने आलं. बारा वर्षं ती दोन कार्डं मी माझ्या हातांनी पिशवीत घातली होती, आणि दुसऱ्या दिवशी या बाईला हसून नाताळच्या शुभेच्छा दिल्या होत्या.

"एवढं सांगायला तुला एकतीस वर्षं लागली," बाई म्हणाल्या. नळ सोडला. "दे, पुढचा कप दे."

मी दिला.